हापशीचं पाणी आणि आपल्या लेकरांचं डोकं

(पालक आणि महिला गटांच्या मेळाव्यात आमच्या युवा गटातर्फे केलेलं भाषण. ज्या पोडांवरच्या लोकांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांनी मागितलं, म्हणून लिहून देत आहोत.)



आयाबायांनो, काका-मामांनो, सोबत्यांनो,

आज आम्ही पाण्यावर बोलणार आहोत. सकाळी इथं मांडव टाकताना दोघा-तिघांनी आम्हाला विचारलंच, की दावे अजून समितीत अडकून पडले आहेत, मोजणी अर्धी राहिली आहे, आणि तुम्ही हे पाण्याचं काय काढलं मधातच? थोडा धीर धरा. बोलता बोलता आपण दाव्यांवरच येणार आहोत. पाण्याची वाट जंगलाच्या जमिनीवरूनच जाते.

आधी एक काम करा. शेजारी बसलेल्या लेकराला हसायला लावा आणि त्याचे समोरचे दात बघा. दुधाचे नाही, नंतरचे. दातावर खडूसारखे पांढरे पट्टे आडवे गेलेले दिसतात का? काहींचे पिवळे, काहींचे तांबूस, काहींचे पार तपकिरी झालेले. डाव्या बाजूच्या दातावर पट्टा असेल तर उजव्या बाजूच्या जोडीच्या दातावरही बहुतेक असतो. घासून तो जात नाही. राखेने जात नाही, मिसरीने जात नाही, पेस्टनेही जात नाही, कारण तो दातावर बसलेला मळ नाही. दात हिरडीच्या आत घडत होता तेव्हाच तो डाग त्यात पडला. पक्के दात घडतात ते साधारण आठ वर्षांच्या आत. म्हणजे ज्या लेकराच्या दाताला पट्टा आहे, त्याने लहानपणी काय पाणी प्यायलं याची नोंद त्याच्या तोंडात आहे. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये ती असो की नसो.

या पट्ट्यांवरून आपल्या पोरींना काय काय ऐकावं लागतं हे बायांना सांगायला नको. सोयरिकीला पाहुणे येतात आणि दात बघून विचारतात, "पोरगी खर्रा खाते काय?" शाळेत मास्तर म्हणतात, "दात घासत नाई बे तू." पोरगं रोज घासते, तरी बोलणं खाते. मग ते हसणंच सोडून देते.

हे काम फ्लोराईडचं आहे.

फ्लोराईड ही कोणी पाण्यात टाकलेली वस्तू नाही. ते खडकात असतं. ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकातल्या काही खनिजांमध्ये ते जास्त असतं, आणि पाणी जितके दिवस त्या खडकात मुरून राहील तितकं ते पाण्यात उतरतं. दख्खनचा काळा खडक जिथं संपतो आणि त्याखालचा जुना खडक वर येतो, त्या पट्ट्यात आपण राहतो. यवतमाळ, नांदेड आणि चंद्रपूर या तिन्ही जिल्ह्यांत फ्लोराईडची गावं सरकारी कागदावर आहेत. ओढ्याचं, झऱ्याचं, उथळ विहिरीचं पाणी पावसाचंच असतं, ते फार दिवस खडकात राहत नाही, म्हणून त्यात बहुतेक वेळा फ्लोराईड कमी सापडतं. बोअरचं पाणी खोलातलं, जुनं. जितकं खोल जाल तितकी शंका जास्त. म्हातारे लोक म्हणतात, "आमच्या टायमाला असे दात नव्हते," ते आम्ही आधी हसण्यावारी नेत होतो, म्हाताऱ्यांना जुनं सगळंच चांगलं वाटतं म्हणून. पण त्यांच्या टायमाला हापशी नव्हती. झऱ्याचं पाणी होतं. हे दोन्ही जुळवून बघा.

एक मात्र नीट सांगतो. हापशी आली म्हणून गॅस्ट्रो, कॉलरा कमी झाला, हेही खरंच. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्याने लेकरं जुलाबाने जायची. तेव्हा हापशी वाईट आणि नाला चांगला असं कोणी इथून समजून जाऊ नका. झऱ्याच्या पाण्यात जंतू असू शकतात, हापशीच्या पाण्यात फ्लोराईड असू शकतं. जंतू उकळल्याने मरतात. फ्लोराईड उकळल्याने जात नाही. उलट पाणी आटतं आणि फ्लोराईड तेवढंच राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात ते दाट होतं.

आपल्या देशात हा रोग १९३७ साली नोंदला गेला, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात. पुढे तेलंगणातला नलगोंडा जिल्हा याच्यासाठी साऱ्या देशात ओळखीचा झाला. तिथली माणसं चाळिशीतच कंबरेत वाकलेली, मान वळत नाही, काठीशिवाय उठता येत नाही. आपल्यातही अशी माणसं आहेत, आपण त्याला वात म्हणतो, कुठं कुठं करणी म्हणतो. साधी पारख आहे, घरी जाऊन करा. उभं राहून गुडघे न वाकवता जमिनीला हात लावता येतो का? हनुवटी छातीला टेकते का? दोन्ही हात मानेमागे नेता येतात का? हे तिन्ही जमत नसेल आणि पाणी बोअरचं असेल, तर देवऋषाकडे जायचं तर जा, आम्ही अडवत नाही, पण पाणीही तपासा. लहान पोरांच्या हाडावर ते वेगळं दिसतं. काहींचे गुडघे आत वळून एकमेकांना भिडतात, आणि ज्यांच्या खाण्यात कॅल्शियम म्हणजे चुन्याचा अंश कमी त्यांच्यात हे जास्त होतं. पोलीस भरतीत दौड चांगली मारूनही गुडघ्यावरून बाद होणारे पोट्टे आपण पाहतो.

दात आणि हाडाचं हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. आज आम्ही मुद्दाम आलो ते पुढच्या गोष्टीसाठी.

गेली पंचवीस-तीस वर्षं जगात यावर अभ्यास चालू आहे, की जास्त फ्लोराईडचं पाणी पिणाऱ्या लेकरांच्या मेंदूच्या वाढीवर काही परिणाम होतो का. सगळ्यात जास्त अभ्यास चीनमध्ये झाले, कारण तिथंही आपल्यासारखीच खेडी आहेत, एका गावाच्या विहिरीत फ्लोराईड आणि बाजूच्या गावात नाही. भारतात, इराणमध्ये, मेक्सिकोतही झाले. दोन्ही गावच्या लेकरांना बुद्धीची कोडी सोडवायला दिली आणि गुणांची तुलना केली. २०१२ साली अशा २७ अभ्यासांचा एकत्र हिशोब अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या आणि चीनच्या संशोधकांनी मांडला. जास्त फ्लोराईडच्या गावातल्या लेकरांचे गुण सरासरीने सुमारे ७ ने कमी निघाले. त्या मापात १०० म्हणजे सरासरी लेकरू. मेक्सिकोत आणखी पुढे जाऊन २०१७ साली असं दाखवलं, की गरोदरपणात आईच्या लघवीत फ्लोराईड जास्त होतं, तर पुढे लेकराचे गुण कमी आले. म्हणजे गोष्ट पोटातच सुरू होते. आईच्या रक्तातून वारेतून फ्लोराईड गर्भापर्यंत जातं, हे डॉक्टर लोकांना आधीपासून माहीत आहे.

मग ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी विषविज्ञान कार्यक्रमाने मोठा अहवाल काढला. लेकरांच्या बुद्धीचे ७२ अभ्यास त्यांनी तपासले, त्यातल्या ६४ मध्ये फ्लोराईड जास्त तिथं गुण कमी असं दिसलं. त्यातले चांगल्या दर्जाचे म्हणून १९ वेगळे काढले, त्या १९ पैकी १८ मध्ये तेच. त्यांचा निष्कर्ष असा, की पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराईड असेल तर लेकरांच्या बुद्ध्यंकाशी त्याचा संबंध आहे, आणि हे ते मध्यम खात्रीने म्हणतात. मध्यम खात्री हा त्यांचाच शब्द आहे, आम्ही त्यात भर घालत नाही. दीडच्या खाली काय होतं, यावर तिकडे मोठं भांडण चालू आहे, कारण अमेरिकेत दात किडू नयेत म्हणून शहराच्या नळाला ०.७ मिलिग्रॅम ठेवून फ्लोराईड मुद्दाम सोडतात. ते त्यांचं भांडण आहे. न्यूझीलंडच्या एका शहरातल्या लोकांचा लहानपणापासून माग ठेवला, तिथं तेवढ्या कमी फ्लोराईडने बुद्धीत फरक दिसला नाही. आपला प्रश्न ०.७ चा नाहीच. आपल्याकडच्या बोअरमध्ये ३ आणि ४ निघतं तेव्हा काय, हा आहे.

७ गुण कमी म्हणजे किती? एका लेकराकडे बघून ते कळणार नाही. गाय मोजून सांभाळणारं, पाखराच्या आवाजावरून पाखरू ओळखणारं पोरगं ७ गुण गेले तरी तेच करेल. पण गावाचा हिशोब वेगळा असतो. साधारण गावात १०० लेकरांमागे दोन-सव्वादोन लेकरं फार मागे असतात, ज्यांना रोजच्या कामातही मदत लागते. सगळ्या गावाची सरासरी ७ ने खाली सरकली, तर त्याच गणिताने ती शंभरात सहाच्या आसपास होतात. वरच्या टोकाला जी लेकरं वकील, नर्स, मास्तर झाली असती, तीही तितकीच कमी होतात. आपल्याला आपले वकील लागतात की नाही? दाव्यांच्या फायली वाचायला आज आपण कुणाकुणाच्या दारात जातो?

आता इथं थांबून एक गोष्ट बोलायची आहे, आणि ती आमच्या गटात सगळ्यात जास्त वेळ चालली. काही सोबती म्हणाले, हा विषय काढूच नका. आदिवासींची पोरं मठ्ठ असतात असं आधीच म्हणतात, तुम्ही त्यांच्या हातात कोलीत द्याल. उद्या मास्तर म्हणेल, "बघा, यांच्या डोक्यातच फ्लोराईड आहे, आम्ही काय शिकवणार?"

ही भीती खोटी नाही. एका आश्रमशाळेत, नाव घेत नाही, पहिलीच्या पोरांची दोन रांगांत वाटणी केली होती, हुशार आणि ढ. ढ च्या रांगेत जवळपास सगळी कोलामी पोरं. का? मास्तर मराठीत विचारतो आणि पोराला मराठी येत नाही. ते कोलामीत विचार करते, घरी कोलामी बोलते. त्याला 'अननस' दाखवला, त्याने जन्मात अननस पाहिला नाही. टेंभरू दाखवलं असतं तर झाडाचं, फळाचं, पानाचं, बिडीचं सगळं सांगितलं असतं. हे फ्लोराईड नाही. हे शाळेचं काम आहे. उपाशी पोट, अंगात रक्त कमी, मिठात आयोडीन नाही, वर्गात एकच मास्तर आणि तोही मीटिंगला गेलेला, या सगळ्याने लेकरू मागे पडतं. चीनच्या बऱ्याच अभ्यासांवर जाणकारांचा आक्षेपही हाच आहे, की गरिबी, आयोडीन, आर्सेनिक यांचा हिशोब नीट वेगळा काढला नव्हता.

म्हणून आमचं म्हणणं असं: कोणत्याही एका लेकराकडे बोट दाखवून "हे फ्लोराईडमुळे ढ आहे" असं कोणी म्हणू नये. ना मास्तरने, ना बापाने. तसं सांगता येत नाही, कोणत्याच डॉक्टरला नाही. पण गप्प बसायचं का? गप्प बसलो तर पाणी तेच राहतं आणि नाव आपल्या जातीचं खराब होतं. आजपर्यंत तेच झालं. लेकरू मागे पडलं की 'आदिवासी आहे' म्हणून सोडून दिलं, पाण्याकडे कोणी बघितलं नाही. दोष रक्तात आहे म्हटलं की सरकारला काही करावं लागत नाही. दोष पाण्यात आहे म्हटलं की नवी विहीर द्यावी लागते. आपण कोणतं बोलायचं ते तुम्हीच ठरवा.

बरं, पाण्याची मर्यादा किती? भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं. दुसरं पाणीच नसेल तर नाइलाज म्हणून दीडपर्यंत चालवून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेचीही मर्यादा दीडच आहे. पण तीच संघटना सांगते, की लोक किती पाणी पितात ते बघून आपली मर्यादा ठरवा. आता बघा, त्यांच्या हिशोबात मोठा माणूस दिवसाला दोन लिटर पितो. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेली बाई दोन लिटरवर राहते का? ती चार-पाच लिटर पिते. दीडचं पाणी पाच लिटर प्यायलं, तर अंगात साडेसात मिलिग्रॅम गेलं. तितकंच पाणी ३ चं असेल तर पंधरा. वर भात, वरण त्याच पाण्यात शिजतं, चहा त्याच पाण्याचा. चहाच्या पत्तीत स्वतःचंही फ्लोराईड असतं, आणि आपण पितो कोरा चहा, पत्ती आटेपर्यंत उकळलेला. लहान लेकरांना सकाळी कोरा चहा आणि शिळी भाकर देतो, तो चहा तरी बंद करा. काळ्या मिठातही फ्लोराईड असतं, आवळ्यावर, चाटवर लावतात ते. पाकिटातलं आयोडीनचं पांढरं मीठ वापरा, खड्याचं नको.

नवीन बाळंतिणींसाठी एक चांगली गोष्ट आहे. आईच्या अंगावरच्या दुधात फ्लोराईड फारच कमी उतरतं, आईने कोणतंही पाणी प्यायलं तरी. सहा महिने फक्त अंगावरचं दूध दिलं तर बाळ तेवढे दिवस वाचलं. पावडरचं दूध बोअरच्या पाण्यात कालवलं, की सगळं फ्लोराईड सरळ बाळात. घुट्टी, साखरपाणी, ग्राइप वॉटर हे काही नको. आणि गरोदर बाईच्या पाण्याचा बंदोबस्त सगळ्यात आधी करायचा. पोडावर चांगल्या पाण्याची एकच विहीर असेल तर पहिली कळशी तिची. म्हाताऱ्यांचे दात-हाडं आता मागे येणार नाहीत, पण पोटातलं लेकरू अजून वाचवता येतं.

खाण्याचं थोडक्यात. कॅल्शियम पोटात असलं तर फ्लोराईड त्याला चिकटून बरंचसं बाहेर जातं. दूध आपल्याला परवडत नाही, पण तरोट्याची कोवळी भाजी, मुंगण्याचा पाला, तीळ हे आपल्याच वावरात, बांधावर आहे. तरोटा खाल्ला म्हणून लोक हसतात, गरिबाची भाजी म्हणतात. हसू द्या. आवळा, चिंच खा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने शाळेच्या मुलांना अठरा दिवस रोज १० ग्रॅम चिंच दिली, तर लघवीवाटे फ्लोराईड जास्त बाहेर पडलं. पण चिंच खाऊन वाईट पाणी पित राहायचं, असा याचा अर्थ कोणी काढू नका. पाणी बदलल्याशिवाय बाकी सगळं अर्धंच.

पाणी साफ करायचं म्हणाल तर त्यातही फसवणूक आहे. माठाने, कापडाने, गाळणीने, टीसीएलने फ्लोराईड जात नाही. तुरटी नुसती फिरवून जात नाही. तुरटी आणि चुना ठराविक मापाने घालून, ढवळून, निवळून काढायची पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने बसवली, नलगोंडा पद्धत म्हणतात तिला. पण त्यात पाण्याच्या गुणाप्रमाणे माप बदलतं, तुरटी जास्त झाली की तिचं वेगळं दुखणं. घरी अंदाजाने करू नका. आरओ मशीनने फ्लोराईड जातं, हे खरं. पण मशीनला वीज लागते, दुरुस्ती लागते, बरंचसं पाणी वाया जातं. किती गावांत आरओची खोली कुलूप लावून पडली आहे, ते तुम्ही आमच्यापेक्षा जास्त सांगाल.

आणि आता नळ. जल जीवन मिशनमध्ये घरोघरी नळ, कोलाम पोडांना जनमनमधून नळ. चांगलं आहे, आम्हाला नळ पाहिजेच. पण टाकी कोणत्या पाण्याने भरते ते कोणी विचारलं? बऱ्याच ठिकाणी जुन्याच बोअरमध्ये मोटार सोडली आणि पाइप जोडला. पाणी तेच, फक्त तोटीतून येतं. वर पंचायतीला हिरवं कार्ड मिळालं म्हणून सरपंच खूश. ते हिरवं, पिवळं, लाल कार्ड स्रोताभोवती घाण आहे का, टीसीएल टाकता का, यावर मिळतं. फ्लोराईडसाठी रासायनिक तपासणी वेगळी मागावी लागते. जलसुरक्षकाला विचारा, "रासायनिक नमुना कधी गेला होता? रिपोर्ट दाखव." रिपोर्ट सगळ्या गावाचा आहे, कोणाच्या कपाटातला नाही.

आम्ही मागच्या उन्हाळ्यात काही पोडांवर तपासणीची पेटी घेऊन फिरलो. थोड्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी गुलाबी राहिलं तर ठीक, जसजसं फ्लोराईड जास्त तसा रंग पिवळ्याकडे जातो, आणि सोबतच्या कागदावरच्या रंगाशी जुळवून आकडा कळतो. एका पोडावर रस्त्याकडेची हापशी पिवळी निघाली, आणि खालच्या नाल्याकाठची बुजत आलेली जुनी विहीर गुलाबी. दोघांत चालत दहा मिनिटांचं अंतर. बाया म्हणाल्या, "मंग ते विहीरच उपसून द्या ना बाप्पा." गावाने श्रमदानाचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी जंगल खात्याचा माणूस आला: ही जागा वनखात्याची, कुदळ लावाल तर केस होईल.

आता आलो दाव्यांवर.

२००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३, पोटकलम २ उघडा. आपल्या सगळ्या गटांकडे पुस्तक आहे, वाचून घ्या. गावाच्या सोयीच्या तेरा कामांसाठी वनजमीन देता येते. त्यात शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता तर आहेच, पण पिण्याचं पाणी आणि पाण्याची पाइपलाइन आहे, तळी आणि छोटे पाणीसाठे आहेत, पावसाचं पाणी अडवायची-साठवायची कामं आहेत. अटी तीन. एका कामाला जागा एक हेक्टरच्या आत, झाडं तोडायची तर हेक्टरी ७५ च्या आत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. दिल्लीची फाइल लागत नाही, परवानगी डीएफओच्या पातळीवर होते. म्हणजे विहिरीसाठी जंगलाची जागा देता येत नाही, असं जो सांगतो त्याला कायदा माहीत नाही, नाहीतर तो आपल्याला सांगत नाही. दोन्हीत आपलंच नुकसान.

याच कायद्याच्या कलम ५ मध्ये पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. म्हणून ज्यांनी सामूहिक वनसंसाधनाचा नमुना 'क' चा दावा अजून भरला नाही, त्यांनी नकाशात प्रत्येक झरा, प्रत्येक डोह, प्रत्येक बुजलेली विहीर नावानिशी टाका. म्हाताऱ्यांना सोबत घेऊन फिरा, त्यांना सगळ्या झऱ्यांची नावं पाठ आहेत. आपण दाव्यात मोहाची झाडं मोजतो, देवाच्या जागा लिहितो, पण पाणी लिहायचं बरेचदा राहून जातं. ज्यांचे दावे मंजूर झाले, त्यांनी व्यवस्थापन आराखड्यात ते घ्या. झऱ्याच्या वरच्या अंगाचं जंगल राखलं तरच झरा उन्हाळ्यात टिकतो. उथळ विहिरीत पाणी राहिलं तर बोअरकडे जायची वेळच येत नाही.

शाळेसाठी दुसरा एक सोपा उपाय आहे, पावसाचं पाणी. त्यात फ्लोराईड जवळपास नसतंच. शाळेचं छत १०० चौरस मीटर धरा आणि पाऊस ९०० मिलिमीटर. सगळं मिळून ९०,००० लिटर पडतं, सांडून-वाहून गेलेलं सोडलं तरी ७२,००० हाती लागतं. साठ लेकरं, पिण्याला आणि खिचडीला मिळून दर लेकरामागे ३ लिटर, म्हणजे रोज १८० लिटर. भागाकार करा. ४०० दिवस पुरतं. पावसाळ्यात वापरलं जाईल ते सोडून पन्नास हजार लिटरची बंदिस्त टाकी लागेल, पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यावं लागेल, जंतूंसाठी क्लोरीन लागेल. खर्च आहे. पण दरवर्षी शाळेला रंग द्यायला पैसे येतातच की.

पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा आहे. ठरावात लिहा: पोडावरच्या प्रत्येक हापशी, विहीर, टाकीची फ्लोराईड तपासणी पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. आकडा त्या हापशीवरच रंगाने लिहायचा. दीडच्या वर असेल ती हापशी लाल, पिण्याला-स्वयंपाकाला बंद, अंघोळीला आणि कपड्याला चालू. अंगाला लागून फ्लोराईड आत जात नाही, म्हणून हापशी तोडायची मुळीच गरज नाही. अंगणवाडी आणि शाळेला चांगलं पाणी पहिल्यांदा. शाळेत लेकरांचे दात तपासायला आरोग्य खात्याचं पथक, फ्लोरोसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून चालू आहे, त्यात हे काम येतं. ठराव 'ग्रामसभेची मागणी' म्हणून लिहा, 'विनंती' म्हणून नको. सचिवाची सही आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

तपासणीसाठी नमुने आम्ही भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नेऊन देणार आहोत. येत्या बाजाराच्या दिवशी प्रत्येक पोडावरून एका माणसाने बाटल्या आणायच्या. बाटली प्लास्टिकची, एक लिटरची, काचेची नाही. दारूची तर नाहीच, मागच्या वेळी दोन आल्या होत्या. हापशी आधी चार-पाच मिनिटं हापसून जुनं पाणी जाऊ द्या, मग त्याच पाण्याने बाटली तीनदा खंगाळा, मग तोंडापर्यंत भरा. झाकण घट्ट. वर चिठ्ठी चिकटवा: पोडाचं नाव, हापशी की विहीर, कोणाच्या घराजवळ, तारीख. चिठ्ठी पेनाने लिहू नका, भिजली की शाई जाते. पेन्सिलने लिहा.